कॅप्टनला उठवायचं कधी?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्रलेखक २८ वर्षांचा आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. कर्ज काढून त्यांनी मुलाला नॉटिकल सायन्सच्या डिप्लोमाला पाठवलं. ते कर्ज गेल्या वर्षी फिटलं. मुलगा बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड ऑफिसर आहे. सप्टेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून जाताना, रात्री आठ ते बाराच्या वॉचमध्ये (पहाऱ्याच्या पाळीत), पावसाच्या सरी चालू असताना समोर मासेमारी होड्यांचा पट्टा आला. आदल्या रात्री अशाच कारणासाठी कॅप्टनला उठवलं, तेव्हा “प्रत्येक होडीसाठी मला उठवणार आहेस का?” असं ऐकून घ्यावं लागलं होतं. या रात्री त्याने फोनकडे एकदा हात नेला आणि मागे घेतला. पुढे अर्ध्या तासाने, रडारवर सुरक्षित अंतरावरून सुटेल असं दिसणारी एक होडी सुटली नाही. लुकआउटवरच्या एबीने (समोर नजर ठेवणाऱ्या खलाशाने) ओरडून सांगितलं, सुकाणू पूर्ण फिरवलं, आणि होडी जहाजाच्या अगदी अंगावरून गेली. होडीवर कोणीतरी टॉर्च हलवत होतं, एवढं त्याला आठवतं. इजा कोणालाच झाली नाही. त्याने लॉगबुकात काही लिहिलं नाही, कॅप्टनलाही सांगितलं नाही.

आता तो सुट्टीवर घरी आहे आणि झोप उडाली आहे. कंपनीने त्याला सेकंड ऑफिसर, म्हणजे जहाजाचा नॅव्हिगेटर, म्हणून बढती दिली आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली की जॉइनिंग. बायकोला पाचवा महिना आहे. वडील म्हणतात, “पुरे झाला समुद्र. आपल्या सात पिढ्यांत कोणी पाण्यावर गेलं नाही. इथंच दुकान टाकू.” तो विचारतो: “चांगला नॅव्हिगेटर घाबरत नाही. मी घाबरलो. मग मी या कामाच्या लायक आहे का? नोकरी सोडू का? आणि जे शेवटी घडलंच नाही, ते आता कोणाला सांगण्यात काय अर्थ?”

उत्तर

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला ‘तू’ म्हणतोय, कारण माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी स्वतः २९ वर्षं जहाजांवर काढली, त्यातली शेवटची ११ कॅप्टन म्हणून. आता सोलापुरात होटगी रस्त्याला राहतो. तेव्हा तू ज्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभा होतास, तो अंधार मला माहीत आहे.

आधी तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुला दाखवतो. तू म्हणतोस, मी होडीला घाबरलो. पण फोनकडे नेलेला हात तू मागे घेतलास, तेव्हा ती होडी रडारवर आलीही नव्हती. मग त्या वेळी भीती कशाची होती? आदल्या रात्री ऐकलेल्या एका वाक्याची. होडीची भीती त्यानंतर अर्ध्या तासाने आली, आणि ती आली म्हणून तर सुकाणू फिरलं. जिची तुला लाज वाटते, त्या भीतीने त्या होडीवरची माणसं वाचवली. गोंधळ केला तो पहिल्या भीतीने, आणि तिच्यावर तू एक ओळ लिहून पुढे गेलास.

चांगला नॅव्हिगेटर घाबरत नाही, हे तुझ्या मनात कोणी भरवलं मला माहीत नाही. मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांत रत्नागिरीकडचा एक सेकंड मेट, म्हणजे सेकंड ऑफिसर, होता. बंदर सोडायच्या आदल्या दिवशी तो चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) वाकून स्वतःशी पुटपुटत बसायचा. इथं इंजिन बंद पडलं तर वारा आपल्याला कुठं नेईल? इथं धुकं आलं तर? इथं समोरच्याने नियम पाळलाच नाही तर वळायला जागा कुठल्या बाजूला आहे? कॅडेट म्हणून मला वाटायचं, हा माणूस फार भितो. रात्री ब्रिजवर मात्र त्याचा आवाज कधी चढला नाही. घाबरायचं ते त्याने आदल्या दिवशीच, उजेडात, हातात पेन्सिल असताना उरकून घेतलेलं असायचं. माझ्या मते नॅव्हिगेटरचं काम एवढंच आहे. ते तुला शिकता येईल की नाही, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. ज्याला दोन महिने झोप लागत नाही, त्याला ‘तर काय झालं असतं’ हे दिसतं. हे दिसणं आता वेळेआधी वापरायला शिकायचं आहे.

त्या रात्रीचा हिशोब आपण मांडू. जहाज १३ नॉटने (ताशी १३ सागरी मैलांनी) चाललं होतं, असं तू लिहिलंस. म्हणजे मिनिटाला साधारण ४०० मीटर. तीन मैलांवरची होडी जागच्या जागी उभी असली, तरी १४ मिनिटांत ती तुझ्यापाशी. आता दुसऱ्या बाजूला कॅप्टन धर. फोन वाजतो, माणूस गाढ झोपेतून उठतो, अंगावर काहीतरी चढवतो, जिना चढून येतो. यात तीन-चार मिनिटं गेली. ब्रिजवर आल्यावर त्याला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला दहा मिनिटं तरी लागतात, पुरतं सरावायला अर्धा तास. म्हणजे होडी तीन मैलांवर दिसल्या दिसल्या तू फोन केला असतास, तरी कॅप्टन डोळे चोळत उभा असतानाच ती अंगावर आली असती. त्या होडीसाठी उठवायची वेळ ती दिसण्याच्या आधीच निघून गेली होती.

रडारवर सहा मैलांवर ती का दिसली नाही, याचाही दोष स्वतःकडे घेऊ नकोस. लाकडाची किंवा फायबरची छोटी होडी, उसळलेला समुद्र, त्यात पावसाची सर. असा प्रतिध्वनी येतो आणि हरवतो. बहुतेक छोट्या होड्यांवर एआयएस (आपलं नाव-ठिकाण आपोआप कळवणारं यंत्र) नसतं. मासेमारी चालू असताना वर तांबडा आणि खाली पांढरा दिवा लावायचा, ट्रॉल ओढत असेल तर वर हिरवा, हा नियम तू पाठ केला आहेस. आपल्या किनाऱ्यावर त्याऐवजी कित्येकदा एक टॉर्च आणि ती हलवणारा हात एवढंच असतं. आर्पाने (रडारवरच्या लक्ष्याचा मार्ग मोजणाऱ्या यंत्रणेने) दाखवलेला सीपीए, म्हणजे होडी सगळ्यात जवळ येईल तेव्हाचं अंतर, तू खरा मानलास, तिथे मात्र चूक झाली. आर्पाला भरवशाचा आकडा द्यायला सलग तीनेक मिनिटं लक्ष्य धरून ठेवावं लागतं. जाळं ओढणारी होडी मध्येच वळली, सरीत प्रतिध्वनी तुटला किंवा आपण स्वतः थोडं वळलो, की तो हिशोब बिघडतो. सीपीए ०.४ मैल दिसला म्हणून तू थांबलास. छोट्या होडीच्या बाबतीत तेवढ्या फरकावर विसंबू नये. कंपासवर बेअरिंग (होडीची दिशा) घेत राहायचं आणि ते बदलत नसेल तर टक्कर आहे, असंच धरायचं.

आता त्या वाक्याकडे येतो. “प्रत्येक होडीसाठी मला उठवणार आहेस का?” यातले ‘प्रत्येक होडी’ हे दोन शब्दच चुकले होते. कॅप्टनला उठवायचं असतं ते पट्ट्यासाठी. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत होड्या असतील, पाऊस असेल, किनारा जवळ असेल, म्हणून एकदाच उठवायचं आणि तो पट्टा संपेपर्यंत त्याला ब्रिजवर ठेवायचं.

हे मी आज सांगतोय, पण एकदा असंच वाक्य माझ्याही तोंडून गेलं होतं. बंगालच्या उपसागरात, सलग दोन बंदरांची कामं उरकून मी झोपलो होतो. थर्ड मेटने एका टगसाठी उठवलं आणि मी त्याला वाट्टेल ते बोललो. त्यानंतर तीन रात्री त्याचा फोन आला नाही. मला वाटलं, पोरगा तयार झाला. चौथ्या दिवशी सहज कोर्स रेकॉर्डर बघितला, तर रात्री दोनदा मोठी वळणं घेतलेली. त्याने ती एकट्याने निभावली होती, मला न सांगता. मी त्याला केबिनमध्ये बोलावून माफी मागितली, पण गेलेला भरवसा त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पूर्ण परतला नाही. तुझा कॅप्टन वाईट माणूस होता, असं मला म्हणायचं नाही. दमलेला माणूस असं बोलतो. त्याच्या स्वतःच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये मात्र ‘शंका आली की मला उठवा’ हे नक्की लिहिलेलं असणार, आणि त्याखाली तुझी सही असणार. लिहिलेला हुकूम तोंडी कुरकुरीने रद्द होत नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियमही तेच सांगतो: टक्करीचा धोका आहे की नाही अशी शंका असेल, तर तो आहे असंच समजायचं. ओरल्सला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे वाक्य तू घडाघडा म्हटलं असशील. रात्री साडेदहाला ते पाळणं अवघड जातं, कारण तिथे परीक्षक नसतो, झोपलेला कॅप्टन असतो.

म्हणून बढतीबद्दल माझं मत तुझ्या भीतीच्या उलट आहे. थर्ड मेटला दुसऱ्याने आखलेल्या रेघेवर चालावं लागतं. सेकंड मेट रेघ आखतो. पुढच्या जहाजावर बंदर ते बंदर पॅसेज प्लॅन (प्रवासाच्या मार्गाची आखणी) तू करणार आहेस. ‘इथे कॅप्टनला उठवायचं’ ही खूण चार्टवर, एक्डिसवर (इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रावर) आणि प्लॅनच्या कागदावर तू लिहिणार आहेस आणि कॅप्टन त्याखाली सही करणार आहे. मग बारा वाजता वॉचवर असलेला मुलगा ‘साहेब रागावतील का’ असा विचार करत बसणार नाही. रेघ आली, फोन केला. त्याची भीती तू आधीच कागदावर उतरवून ठेवलेली असेल.

ही रेघ कुठे मारायची, ते वर केलेल्या हिशोबावरूनच ठरव. जहाजाचा वेग, कॅप्टनला वर यायला लागणारी मिनिटं, डोळे सरावायला लागणारी मिनिटं, आणि त्यावर वेग कमी करायला लागणारा वेळ. भरलेलं मोठं जहाज लगेच हळू होत नाही. १३ नॉटला ही बेरीज होड्यांच्या पट्ट्याच्या सहा-सात मैल अलीकडे जाते. अरुंद वाहिनीत, जहाजांच्या गर्दीत तिचा हिशोब वेगळा.

कागदावरचं हे काम किती मोठं आहे, याचे दाखले सांगतो. ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचं मोठं बल्क कॅरियर सिंगापूरहून ब्राझीलकडे निघालं होतं. मूळ प्लॅनमध्ये मॉरिशसपासून २२ मैल लांबून जायचं होतं. जुलै २०२० मध्ये, अपघाताच्या दोन दिवस आधी, ते अंतर पाच मैलांवर आणलं. २५ जुलैला मोबाइलला रेंज यावी म्हणून आणखी जवळ, दोन मैलांवर जायचं ठरलं. त्या किनाऱ्याचा पुरेशा मोठ्या प्रमाणाचा चार्ट हाताशी नव्हता. किनाऱ्यापासून एक मैलही नसताना जहाज प्रवाळावर चढलं आणि साधारण हजार टन तेल समुद्रात गेलं. यात वादळ नव्हतं, यंत्र बिघडलं नव्हतं. घरच्यांचा आवाज ऐकायची ओढ होती, ती तुला-मला चांगली कळते. पण दोन दिवसांत २२ मैलांचे दोन होत असताना हातात पेन्सिल घेतलेल्या माणसाने ‘का?’ एवढं विचारलं असतं, तर बरंच टळलं असतं.

दुसरा दाखला ‘ओव्हिट’ या केमिकल टँकरचा, सप्टेंबर २०१३ चा. डोव्हरच्या सामुद्रधुनीत व्हार्न बँक नावाचा उथळ भाग आहे. एक्डिसवर आखलेली रेघ सरळ त्याच्यावरून गेली होती, कोणी तपासली नाही, आणि यंत्राचा आवाजी अलार्म चालू नव्हता. जहाज शांतपणे वाळूवर जाऊन बसलं. तुला माहीत आहे, एक्डिस दिवसभर पिकपिक करतं आणि लोक कंटाळून अलार्म बंद करतात. तू तसं करू नकोस. सेफ्टी कंटूर (ज्याच्या पलीकडे पाणी उथळ धरायचं ती रेघ) जहाजाच्या ड्राफ्टप्रमाणे (तळ पाण्यात किती खोल आहे त्याप्रमाणे), स्क्वॉट (चालताना जहाज आणखी खाली बसतं तो फरक) धरून, प्रत्येक प्रवासाला नव्याने लाव, म्हणजे फुकटचे अलार्म कमी होतील आणि उरलेले ऐकावेसे वाटतील. स्क्वॉटचं एक पक्कं ध्यानात ठेव, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. उथळ पाण्यात वेग निम्मा केलास की तो चौथ्या हिश्श्यावर येतो.

तिसरा दाखला कोर्टातला. २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून निघताना एक कंटेनर जहाज खाली लागलं. वाहिनीबाहेर चार्टवर दाखवलेल्यापेक्षा पाणी कमी आहे, ही सूचना आलेली होती, पण ती प्लॅनमध्ये आणि चार्टवर उतरवलेली नव्हती. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पॅसेज प्लॅनच सदोष असेल, तर ते जहाज समुद्रात जायच्या लायकीचं नव्हतं असं धरता येतं. सेकंड मेटने उतरवायची राहिलेली एक सूचना म्हणजे तळाला पडलेलं भोक, असंच ते झालं.

फोन कसा करायचा, हेही सांगतो, कारण नव्या पोरांचं तिथे अडतं. “सर, जरा येता का?” असं विचारायचं नाही. काय दिसतंय, तू काय करतोयस आणि त्याने काय करायचं, हे एका दमात सांगायचं: “सर, ब्रिजवरून बोलतोय. समोर सहा मैलांत होड्या आहेत, पावसाची सर चालू आहे, दृश्यता तीन मैल. मी इंजिन रूमला कळवून वेग कमी करतोय. तुम्ही वर या.” इंजिनला हात लावायला वॉचवरच्या अधिकाऱ्याला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. सुकाणू, इंजिन आणि भोंगा गरज पडताच वापरावेत, कचरू नये, असं एसटीसीडब्ल्यूमध्ये (जहाजावरच्या माणसांचं प्रशिक्षण आणि वॉच यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) स्पष्ट म्हटलं आहे. त्या रात्री तू सुकाणू वापरलंस, इंजिन आणि भोंगा तुला आठवलेच नाहीत. बहुतेकांना आठवत नाहीत, कारण खोल समुद्रात वेग कमी करायची सवयच जाते. आणि कॅप्टन वर आला म्हणजे वॉच त्याच्याकडे गेला, असं धरू नकोस. ‘मी घेतो’ असं तो स्पष्ट म्हणेपर्यंत जहाज तुझ्याकडेच आहे.

आता ‘जे घडलंच नाही’ त्याबद्दल. घडलं, बाळा. फक्त नुकसान झालं नाही. त्या पट्ट्यातून आज रात्रीही कोणतं तरी जहाज जात असेल, आणि तुझ्या जागी दुसरा कोणी तोच फोन उचलावा की नाही या विचारात असेल. आयएसएम कोडमध्ये (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत) निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवायची व्यवस्था एवढ्यासाठीच ठेवली आहे. कंपनीच्या डीपीएला (सुरक्षेसाठी नेमलेल्या, किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला) लिही. तारीख, वेळ, अंदाजे ठिकाण, हवामान, आर्पाने काय दाखवलं, तू काय केलंस, काय केलं नाहीस. कॅप्टनचं वाक्यही लिही, पण त्याच्यावर ठपका ठेवून नको, कारण म्हणून. ‘आदल्या रात्रीच्या अनुभवामुळे मी उठवायला कचरलो’ एवढं पुरे. लॉगबुकात नोंद केली नाही, हेही स्वतःहून सांग, कारण ते नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुझं बाकीचं खरंही कोणी मानणार नाही. मागच्या तारखेने काहीही घालायला जाऊ नकोस.

याचा त्रास होणारच नाही, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. चांगली कंपनी आभार मानते. वाईट कंपनी बढती लांबवते, आणि तसं झालं तर ती कंपनी कशी आहे हे तुला बाप व्हायच्या आधी कळलेलं बरं. त्याशिवाय नॉटिकल इन्स्टिट्यूटची ‘मार्स’ नावाची व्यवस्था आहे. तिथे नाव गुप्त ठेवून असे अनुभव छापतात आणि जगभरचे अधिकारी ते वाचतात. कंपनीला कळवून झाल्यावर तिथेही पाठव.

झोपेचं मात्र मला सगळ्यात गंभीर वाटतं. सेकंड मेटचा वॉच बारा ते चार. मध्यरात्र ते पहाट, जेव्हा शरीर झोप मागतं. मार्च १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, ते मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी. ब्रिजवर थर्ड मेट होता, आणि अमेरिकी चौकशीने त्याच्या चुकीमागे थकवा आणि कामाचा अतिरेकी बोजा ही कारणं नोंदवली. २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती, हा नियम कागद भरण्यापुरता नाही. तू आज, सोलापुरात, स्वतःच्या गादीवर झोपू शकत नसशील, तर जानेवारीत तो वॉच तुझ्या हातात देऊ नये, असं मीच म्हणेन.

म्हणून या आठवड्यात डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाज वाटत असेल तर आधी १४४१६ वर फोन कर, ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ‘मेडिकलमध्ये अडकेन’ या भीतीने खूप मुलं हे दडवतात, आणि मग जहाजावर, जिथे डॉक्टर नसतो, तिथे ते बाहेर येतं. जॉइनिंग महिनाभर पुढे ढकलायला सांग. बायकोचे दिवस बघता ढकलायला कारणही आहे. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंस तर बाळ तू नसताना होणार, हे तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून बोलला आहात का? पत्रात तिचं मत कुठेच नाही. तिला विचार. त्या रात्रीचं तिला सांगितलं नसशील तर सांग. तिला कळलेलंच आहे की तू जागा असतोस.

आता तुझ्या वडिलांबद्दल, अप्पांबद्दल. पाण्यावर धोका आणि जमिनीवर दुकान सुरक्षित, ही त्यांची मांडणी मला पटत नाही, पण त्यामागची काळजी खरी आहे. दुकानाला भांडवल लागतं, उधारी बुडते, सुताचे भाव वर-खाली होऊन माग बंद पडलेले त्यांनी आयुष्यभर बघितले आहेत. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून माणसं गेली. ते पाणी आपल्याच जिल्ह्यातलं, गोडं. आणि आपल्या गावाला समुद्र परका, असंही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जहाजानेच चीनला गेले. अप्पांना हे वाद म्हणून ऐकवू नकोस. ते आयुष्यभर धोका सांभाळतच आले आहेत, ते त्यांच्याच भाषेत विचार: ताण्याची एक तार तुटली तर तुम्ही माग का थांबवता? एका तारेसाठी उत्पादन का बुडवता? ते सांगतील, पुढे वारभर कापडात दोष जातो, नंतर काढता येत नाही. तेव्हा सांग, की त्या रात्री मी माग थांबवला नाही. पुढच्या जहाजावर तो कुठे थांबवायचा याची खूण मीच करणार आहे. मला वाटतं, त्यांना समजेल. जहाजावर पोरं असलेल्या बाकी आईबापांनीही असं एकदा विचारून बघावं. ‘सांभाळून राहा’ म्हणण्यापेक्षा ‘रात्री साहेबांना उठवतोस ना?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

घरच्यांना तांबड्या समुद्रातल्या जहाजांवरच्या हल्ल्यांची बातमी घाबरवत असेल, तर करार नीट वाच. युद्धजन्य भागात जायला नकार द्यायचा हक्क त्यात कसा लिहिला आहे, ते सही करण्याआधी विचार.

तर नोकरी सोडू नकोस, निदान झोप नसताना हा निर्णय घेऊ नकोस. झोप परतली आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर सेकंड मेट म्हणूनच जा. पण कंपनीकडे जुन्या सेकंड मेटबरोबर चार-पाच दिवसांचा हँडओव्हर माग, दोन तासांच्या घाईत चार्टचं टेबल ताब्यात घेऊ नकोस. दोन महिन्यांनीही झोप नाहीच आली, तर मला पुन्हा लिही. किनाऱ्यावरच्या कामांचा विचार आपण तेव्हा करू, तुझं लायसन्स तोवर कुठे जात नाही.

आणि जहाजावर चढल्यावर, पहिला प्लॅन हातात घेतलास की तो कॅप्टनकडे घेऊन जा. म्हण, “सर, या प्रवासात तुम्हाला कुठे कुठे उठवायचं, ते दाखवाल का?” तो जिथे बोट ठेवेल तिथे पेन्सिलने खूण कर. मग परत ब्रिजवर ये, वेगाचा हिशोब मांड, आणि ती खूण आणखी किती अलीकडे घ्यायला हवी ते बघ. पुन्हा त्याच्याकडे जा आणि सही घे.